नकाशावरचा माळ

व्याख्यानाचा विषय कळवा, असे मंडळाचे पत्र आले तेव्हा मी उत्साहाच्या भरात ‘जगातील परिसंस्थांची स्थिती आणि त्यांचे नकाशे’ असे लिहून टाकले. पत्र टपालात पडल्यावर मात्र घाबरलो. पस्तीस वर्षे मुडबीत बसून साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्या माणसाने जगाविषयी काय बोलावे? मग लक्षात आले की नकाशा ही वस्तू आमच्या दवाखान्यातल्या रजिस्टरासारखीच असते. रोगी समोर बसून तासभर आपली हकीगत सांगतो. आम्ही ती ऐकतो आणि शेवटी रजिस्टराच्या रकान्यात एक शब्द लिहितो. पुढे जो कोणी ते रजिस्टर उघडील त्याला तो शब्दच दिसतो, हकीगत दिसत नाही. शब्द चुकला की उपचारही चुकतो. जमिनीचेही असेच झाले आहे, आणि ते आमच्या गावाबाहेरच्या माळावर झालेले मी पाहिले आहे. म्हणून जगाचा नकाशा मुडबीपासून वाचायला हरकत नाही, असे ठरवून हे लिहायला बसलो.

आपल्यापैकी बऱ्याच घरांना हा मुलूख ठाऊक आहे. मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातले होबळीचे गाव. दक्षिणेला थोडे गेले की बीदर जिल्हा संपतो आणि कलबुर्गी, म्हणजे आमच्या तोंडातला गुलबर्गा, लागतो. तालुक्याच्या एका अंगाचे पाणी कारंजा आणि मांजरा या नद्यांतून गोदावरीला जाते. दुसऱ्या अंगाचे मुल्लामारीतून कागिण्याला, तिथून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. म्हणजे आमच्या तालुक्यात पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांची ताटातूट इथेच होते. खोलगट भागात काळी माती, तिच्यात तूर, मूग, उडीद, शाळू, अलीकडे सोयाबीन आणि ऊस. चढावर गेले की माती तांबूस होते, मुरूम लागतो, कुठे जांभा उघडा पडतो. तिथे नांगर चालत नाही. तोच आमचा माळ. पावसाळ्यात त्यावर कुसळी, मारवेल, पवना अशी गवते उठतात, मध्येच एखादे हिवर, बोर, खैर, तरवडाचे पिवळे ठिपके. दिवाळीनंतर सगळे सोनेरी होते आणि होळीपर्यंत राखाडी. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला वाटावे, इथे काहीच नाही.

‘परिसंस्था’ हा शब्द नवा आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सले यांनी १९३५ साली मूळ इंग्रजी शब्द प्रचारात आणला. अर्थ सोपा आहे. सजीव आणि त्यांच्याभोवतीचे निर्जीव, म्हणजे माती, पाणी, ऊन, वारा, यांचा मिळून चाललेला एक संसार. माळाचेच उदाहरण घेऊ. पाऊस बेताचा, मातीचा थर पातळ, म्हणून झाडी दाट होत नाही, गवत होते. गवतावर काळवीट, ससा आणि नाकतोडे जगतात. नाकतोड्यांसाठी हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी उडत येतात. काळविटावर आणि धनगराच्या मेंढ्यांवर लांडगा जगतो. मेंढ्यांच्या लेंड्या शेणकिडे मातीत नेतात आणि त्याच मातीत पुढच्या मृगात गवत फुटते. गवताचा मोठा भाग आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, तो जमिनीखाली मुळांच्या रूपाने असतो. हे सारे झाडांशिवाय, किंवा फार थोड्या झाडांत, उत्तम चालते. झाडे कमी असणे हा इथला आजार नाही. ती इथली प्रकृती आहे. हा भेद आमच्या वैद्यकात पहिल्या वर्षी शिकवतात, पण नकाशे करणाऱ्यांना तो कळायला फार वर्षे लागली.

सजीवांचा नकाशा करण्याची कल्पना पाश्चात्त्यांची, असे आपण समजतो. पण आमच्यापासून जवळच, कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. मराठी वाचकांना तो ओवीच्या जुन्या उल्लेखामुळे माहीत असतो. कांडण करताना महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात, हे त्यात नोंदले आहे. त्याच ग्रंथात आठ गजवनांची यादीही आहे: पूर्वेकडच्या प्राच्य वनापासून कलिंग, दशार्ण, अपरांत, सौराष्ट्र आणि पंचनद म्हणजे पंजाबपर्यंत. नुसती नावे नाहीत, प्रत्येक वन कोणत्या नदीपासून कोणत्या डोंगरापर्यंत, अशा हद्दी दिल्या आहेत. राजाला लढाईसाठी हत्ती हवे होते, म्हणून ही खटपट. त्यात भूतदया नव्हती. पण यादी आज वाचली की अंगावर काटा येतो. सौराष्ट्रात आज रानटी हत्ती नाही. पंजाबात नाही. हत्ती गेले हे कळण्यासाठी, ते कधी काळी होते हे कोणीतरी लिहून ठेवावे लागते. नकाशाचा पहिला उपयोग हाच.

आधुनिक काळात हे काम दोन वाटांनी झाले. एक पायी चालण्याची. आमचा बीदर जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १९३१-३२ मध्ये, सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली आणि ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. दुसरी वाट आकाशातून. १९७२ मध्ये अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह फिरू लागला, १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए. तेव्हापासून सगळी जमीन वर्षानुवर्षे वरून पाहता येऊ लागली. उपग्रहांची चित्रे वाचणारी आपली राष्ट्रीय संस्था हैदराबादेत बालानगरला आहे. म्हणजे आमचा माळ ‘वाचणारे’ लोक आमच्यापासून फार लांब बसत नाहीत. पण पायी चालणारा गवतात वाकून पाहतो, आणि वरून पाहणाऱ्या यंत्राला हिरवे आणि न-हिरवे एवढेच आधी कळते. पुढचे सगळे प्रश्न या फरकातून निघाले.

२००१ साली जगातल्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीच्या जमिनीचे ८६७ परिसर-प्रदेश पाडले. राजकीय सीमा सोडून हवामान, माती आणि वनस्पती यांवरून केलेला हा नकाशा होता. १९५६ साली राज्यांच्या पुनर्रचनेत जी रेघ ओढली गेली तिच्या अलीकडे-पलीकडे आपली घरे विखुरली. अशा लोकांना हा नकाशा पाहून थोडे बरे वाटावे. त्यात उमरगा, निलंगा, बसवकल्याण, आळंद सगळे पुन्हा शेजारी शेजारी येतात. २०१७ मध्ये तो सुधारून ८४६ प्रदेशांचा झाला आणि प्रत्येकाच्या प्रकृतीची नोंदही घेतली गेली. निम्मा भाग संरक्षित असलेले प्रदेश ९८. आजही निम्म्यापर्यंत पोचता येईल असे ३१३. प्रयत्न केल्यास सावरतील असे २२८. आणि ज्यांत नैसर्गिक असे फार थोडे, पाचव्या हिश्श्याच्या आत, उरले आहे असे २०७. आमच्या दवाखान्याच्या भाषेत शेवटचे २०७ खाटेवरचे रोगी. जवळजवळ चौथा हिस्सा.

त्या नकाशात आमच्या बाजूच्या पट्ट्याचे नाव पाहिले. ‘दख्खनचे काटेरी झुडपी अरण्य’. नाव वाचून मी थांबलो. अरण्य? या नावात एक गृहीत धरलेली गोष्ट लपली आहे: इथे पूर्वी दाट झाडी होती, माणसाने तोडली, गुरांनी खाल्ली, आणि उरली ती ही काटेरी झुडपे. माळ म्हणजे अरण्याचे प्रेत. आपण सगळे शाळेत हेच शिकलो. मी स्वतः अनेक सभांत हेच सांगितले आहे.

जागतिक प्रकृतीचे आणखी दोन-तीन अहवाल आहेत, त्यांचा उल्लेख करून पुढे जातो. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने सहस्रक परिसंस्था मूल्यांकन प्रसिद्ध झाले. निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या ज्या २४ सेवा त्यांनी तपासल्या त्यांपैकी १५ ढासळत आहेत, असा निष्कर्ष निघाला. २०१९ मध्ये जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने सांगितले की पृथ्वीवरच्या जमिनीचा तीन चतुर्थांश भाग माणसाने लक्षणीय रीतीने बदलला आहे, आणि सुमारे १० लाख जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत. आकडे मोठे आहेत, आणि मोठे आकडे ऐकून माणूस जांभई देतो, हा माझा अनुभव आहे.

मला जास्त उपयोगी वाटली ती परिसंस्थांची लाल यादी. प्राण्यांची लाल यादी आपण ऐकून आहोत. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने परिसंस्थांसाठीही तसेच निकष स्वीकारले. ते एखाद्या चांगल्या वैद्याच्या प्रश्नांसारखे आहेत. विस्तार किती घटला? उरलेला विस्तार किती थोडक्या जागेत अडकला आहे? माती, पाणी, हवा किती बिघडली? सजीवांचे आपसांतले व्यवहार, म्हणजे कोण कोणाला खातो, कोण कोणाचे बी नेतो, किती तुटले? आणि या सगळ्यांवरून पुढच्या काही दशकांत काय होईल? या यादीतली शेवटची पायरी ‘मृत’ नाही, ‘कोसळलेली’ अशी आहे. कारण परिसंस्था जातीसारखी मरत नाही, ती दुसरेच काहीतरी होऊन जाते. मध्य आशियातला अरल समुद्र हे त्याचे ठळक उदाहरण. नद्यांचे पाणी कापसाकडे वळवले, समुद्र आटला, आणि तिथे आज खारट वाळवंट आहे. जागा तिथेच आहे, नकाशावर नावही आहे, फक्त समुद्र नाही. २०२२ मध्ये याच संघाच्या शास्त्रज्ञांनी सगळ्या पृथ्वीच्या परिसंस्थांची कार्यावरून वर्गवारी छापली, ११० गटांची. तीत गवताळ प्रदेश आणि विरळ झाडीची माळराने यांना अरण्यांपासून वेगळे, स्वतःचे घर मिळाले. माळाला प्रेत न म्हणता जिवंत म्हणणारी नोंद जागतिक दप्तरात झाली.

आता आपल्याकडचे दप्तर पाहू. आपले वनसर्वेक्षण १९८७ पासून दर दोन वर्षांनी अहवाल काढते. त्यात वनाच्छादनाची व्याख्या अशी: एक हेक्टर किंवा जास्त जमीन, तिच्यावर झाडांच्या छत्रीची दाटी दहा टक्के किंवा जास्त; मालकी कोणाचीही, झाड कोणतेही. म्हणजे आंब्याची बाग वनाच्छादनात येते, निलगिरीची लागवड येते, आणि गवताने भरलेला, काळविटांचा कळप चरत असलेला माळ येत नाही. २०२३ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. त्यात आमच्या माळाचा वाटा शून्य, आणि उद्या तिथे सुबाभूळ लावली तर आकडा वाढणार.

दुसरे दप्तर आहे पडीक जमिनींचा नकाशासंग्रह. तो पहिल्यांदा २००० साली निघाला, पुढे वेळोवेळी सुधारला. त्यात झुडपी जमीन, निकृष्ट कुरणे, खडकाळ जमीन असे रकाने आहेत आणि माळ या रकान्यांत बसवला जातो. शब्दाचे मूळ मात्र उपग्रहाच्या फार आधीचे आहे. सारा न देणारी जमीन ती पडीक, हा महसुली हिशेब. आमच्या पहाणीत आजही शेताच्या क्षेत्रापुढे ‘खराब’ असा रकाना असतो, त्यात ‘अ खराब’, ‘ब खराब’ असे भेद. महाराष्ट्रातल्या आपल्या भावकीच्या सातबाऱ्यावर तोच ‘पोटखराबा’ होतो. मराठीत पडीक, उर्दूत बंजर, कानडीत पाळु. आम्ही सीमेवरचे लोक तीन भाषा बोलतो, आणि तिन्हींत माळाला एकही बरा शब्द दिला नाही. चातुर्मासात आमचे मुनी विहार थांबवतात, कारण पावसाळ्यात जमीन जीवांनी भरलेली असते. त्याच जमिनीच्या उताऱ्यावर ‘खराब’ लिहिलेले मी वर्षानुवर्षे वाचत होतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी ठेवूनही मला कधी काही वाटले नाही.

इथे एक कबुली द्यायची आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका योजनेतून गावाबाहेरच्या माळावर वृक्षारोपण झाले. त्या समितीत मी होतो, आणि नुसता नावाला नव्हे, हौसेने होतो. शाळेची मुले, डॉक्टर, पाटील, सगळ्यांनी फोटो काढले. आधी यंत्राने उतारावर चर खणले, मग गिरिपुष्प आणि सुबाभळीची रोपे लावली आणि गुरे येऊ नयेत म्हणून भोवती खंदक घेतला. दोन वर्षांनी एक वयस्क धनगर गुडघ्यांच्या दुखण्यासाठी आला. हकीगत घेताना दुखणे कधीपासून, असे विचारले. तो म्हणाला, “तुमी झाडं लावली तवापासनं, डाक्टरसाब.” मी हसलो. त्याने समजावून सांगितले: जवळचा माळ बंद झाला, आता मेंढ्या घेऊन रोज चार कोस जास्त चालावे लागते. मी औषध दिले. चर आणि खंदक तसेच राहिले. त्या जागेत पुढे गवत दबले, काळवीट दिसेनासे झाले, आणि निम्मी रोपे तिसऱ्या उन्हाळ्यात वाळून गेली. कळप माळ सोडून शेजारच्या हरभऱ्यात उतरू लागला, आणि शेतकरी काळविटांना शिव्या देत माझ्याच दवाखान्यात रक्तदाब तपासायला येऊ लागले. या दोन्ही तक्रारींचा उगम एकच, आणि त्याच्या फोटोत मी कुदळ धरून उभा आहे.

त्या वेळी आम्हाला कोणी सांगितले असते की माळ हा अरण्याचा अवशेष नाही, तो पहिल्यापासून माळच आहे, तर आम्ही विश्वास ठेवला नसता. पुरावा काय, असे विचारले असते. तो पुरावा २०२५ मध्ये ज्या ठिकाणाहून आला ते वाचून या मंडळाच्या सभासदांना नक्की आनंद होईल. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी जुने मराठी साहित्य आणि लोककथा हाच पुरावा म्हणून घेतला. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रापासून पुढच्या काळातल्या कथा आणि ओव्यांत कोणकोणत्या रानवनस्पतींची नावे येतात, ती कोणत्या जागी येतात, हे त्यांनी काढले. ४४ वनस्पती मिळाल्या. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश या विरळ झाडीच्या, उघड्या माळरानाच्या खुणा असलेल्या निघाल्या. दाट अरण्यातल्या अगदी थोड्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता. इंग्रजांच्या कुऱ्हाडी आणि रेल्वे यायच्या कितीतरी आधी.

मला लगेच कान्होपात्रेची कथा आठवली. ती मंगळवेढ्याची. तिला न्यायला बीदरच्या बादशहाची माणसे आली, तिने विठ्ठलाच्या पायांवर देह ठेवला, आणि जिथे तिला पुरले तिथे तरटीचे झाड उगवले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पंढरपूरच्या देवळात ते झाड दाखवतात. आम्ही बीदरचे, त्यामुळे ही कथा ऐकताना नेहमी थोडे ओशाळतो. पण तरटी म्हणजे काय, हे मी कधी पाहिले नव्हते. ते काटेरी, कोरड्या उघड्या रानातले झाड आहे. कथा सांगणाऱ्यांनी वड किंवा चंदन न घेता माळावरचे झाड घेतले, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर तेच होते.

जुन्या समजुतीचे नुकसान आपल्यापुरते नाही. २०१९ च्या जुलैमध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक जागतिक नकाशा छापला: पृथ्वीवर अजून ९० कोटी हेक्टर जागेत झाडांची छत्री वाढवता येईल आणि त्याने हवेतला कर्ब मोठ्या प्रमाणात शोषला जाईल. वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला. काही महिन्यांतच अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात हरकत घेतली. त्या ‘रिकाम्या’ जागेत आफ्रिकेची सवाना, ब्राझीलचे सेर्रादो आणि आपल्यासारखी माळराने धरली होती. गवताचा कर्ब मुळांत आणि मातीत असतो. वरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही, आणि चर खणला की तोच आधी हवेत जातो. आपल्या देशाने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर निकृष्ट जमीन पूर्ववत करण्याचे वचन २०१९ मध्ये दिले आहे. वचन चांगले आहे. पण निकृष्ट कोणती, हे कोणत्या नकाशावरून ठरवणार, यावर सगळे अवलंबून आहे. हल्ली त्या रकान्यातली जमीन सौरऊर्जेच्या तावदानांसाठीही आधी पाहिली जाते. सूर्याच्या विजेला माझा विरोध नाही, दवाखान्याच्या गच्चीवर मीही ती बसवली आहे. पण ती गच्चीवर बसते, तिला गवतच लागते असे नाही.

मग नकाशावर संरक्षणाची रेघ ओढली की भागले का? याचे उत्तर सोलापूरकर देतील. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले, ८,४९६ चौरस किलोमीटर. देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. हेतू शुद्ध होता, पण रेघ ओढताना गावे, शेते, बाजारपेठा सगळे आत आले. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामे अडली. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर माळढोक पिढ्यान्‌पिढ्या नांदला त्याला तो पक्षी वैरी वाटू लागला. अखेर क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटर केले गेले. तोवर नान्नजला माळढोक दिसला तर बातमी व्हावी, अशी वेळ आली होती. २०११ पासून तो जागतिक लाल यादीत ‘अत्यंत संकटग्रस्त’ आहे. याउलट कर्जत तालुक्यातले रेहेकुरी: १९८० चे, फक्त २.१७ चौरस किलोमीटर, पण तिथे काळवीट टिकले. बारामतीजवळचे मयूरेश्वर ५ चौरस किलोमीटरच्या आसपास, तिथे चिंकारा आहे. लहान रेघ नेहमी बरी, असा याचा अर्थ नाही. रेघेच्या आत कोणाचे पोट आहे, हे आधी पाहावे लागते.

आमच्या दक्षिणेला चिंचोळीचे अभयारण्य २०११ मध्ये झाले, १३४.८८ चौरस किलोमीटर. कलबुर्गीसारख्या कोरड्या जिल्ह्यात इतके रान आहे, हे जिल्ह्यातल्या लोकांनाही ठाऊक नसते. तिथे लांडगा, तरस, खोकड, चौशिंगा, काळवीट आहेत. लंबाणी तांडेही आहेत. पण त्याचा गाभा झाडीचा आहे, उघड्या माळाचा नाही. माळासाठी म्हणून कर्नाटकात जे अलीकडे झाले ते कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला, लांडग्यांचे अभयारण्य. लांडग्याला कोणी जागा देईल, हे मला खरे वाटत नव्हते. आमच्याकडे मेंढरू गेले की धनगर लांडग्याला शिव्या देतो, आणि त्याच दमात सांगतो की तो असेल तरच माळ माळ राहतो. भरपाई वेळेवर मिळाली तर तो शिव्याही कमी देईल, असे माझे मत आहे.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी ठरवले की २०३० पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा ३० टक्के भाग राखायचा. त्याच वर्षी एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी भारतातल्या कोरड्या पट्ट्यातल्या उघड्या नैसर्गिक परिसंस्थांचा, म्हणजे गवताळ माळ, झुडपी रान, खडकाळ पठारे, दऱ्याखोऱ्या यांचा, पहिला सविस्तर नकाशा प्रसिद्ध केला. उपग्रहाची तीच चित्रे, पण प्रश्न वेगळा विचारला: इथे झाडे किती आहेत असे न विचारता, इथे शेत नाही, घर नाही, दाट झाडी नाही, मग काय आहे? उत्तर आले, देशाच्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा. त्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रात येतो. मी तो नकाशा संगणकावर मोठा करून बसवकल्याणवर आणला. आमच्या बाजूचे माळाचे तुकडे त्यात रंगवलेले दिसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी तिथे काहीतरी आहे असे लिहिले होते.

आकाशातल्या नकाशाला जमिनीवरून जोड द्यायची सोय आपल्या कायद्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी मिळून केलेली जैवविविधता नोंदवही असायला हवी. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना आधीपासून लावून धरली होती. पुढे हरित न्यायाधिकरणाने मुदत घातली आणि देशभर घाईघाईने नोंदवह्या भरल्या गेल्या. अशी एक नोंदवही मी पाहिली. एका गावचे पान दुसऱ्या गावच्या वहीत जसेच्या तसे उतरवले होते. आमच्या कोरड्या भागातल्या वहीत खारफुटीचे नावही आढळले. ज्याने भरली त्याला मी दोष देत नाही, त्याला मुदत पाळायची होती. पण वही पुन्हा भरता येते, कायद्याने तशी मनाई नाही.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही पाच-सहा जण बसून ते सुरू केले. मी, शाळेतले एक निवृत्त गुरुजी, तांड्यावरची एक सुईण, दोन धनगर, आणि सर्पमित्र म्हणून फिरणारा एक मुलगा. पहाणीचा नकाशा मोठा करून जमिनीवर अंथरला. माझ्या दवाखान्यात पूर्वी येणारा तो वयस्क धनगर आता नाही. त्याचा मुलगा आला होता. त्याने आधी नकाशा उलटा धरला, मग ओढा सापडल्यावर सरळ केला, आणि बोटाने सांगू लागला: इथे टिटवी अंडी घालते, इथे उन्हाळ्यातही खड्ड्यात पाणी राहते, इथल्या गवताला वास येतो म्हणून मेंढी खात नाही, इथे कार्तिकात लांडगी पिले आणते. सुईणीने तीच जागा लंबाणी नावाने सांगितली, गुरुजींनी कानडीत लिहिली, मी मराठीत. बोट फिरत फिरत आमच्या वृक्षारोपणाच्या खंदकाशी आले. तिथे तो थांबला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, लिही, आधी काय होते ते लिही. त्याने मारवेल सांगितले, पवना सांगितला, तरवड, काळविटांचे बसायचे ठिकाण, असे करत सतरा नावे सांगितली. खंदक कुठे फोडला तर पाण्याचा ओघळ पुन्हा जुन्या वाटेने जाईल, हेही त्याने पेन्सिलीने दाखवले. त्या खुणेवर पंचायतीचा ठराव घेण्यासाठी अर्ज दिला आहे. अर्जावर माझीही सही आहे.